राणी रंगाचे तळे

दिवाळी अंक घरात आला की त्याचे पहिले परीक्षण घरातली लहान मुले करतात. मजकुराकडे ती ढुंकूनही पाहत नाहीत. मुखपृष्ठावरच्या बाईच्या हातातली पणती खरी वाटते की नाही, एवढे पाहतात आणि निकाल देऊन मोकळी होतात. मग अंक मोठ्यांच्या हाती जातो. कथाकवितांवर चर्चा झडते, वर्तमानपत्रांतून अभिप्राय येतात. कथेतले एखादे वाक्य सैल असले तर त्याचा खरपूस समाचार घेतला जातो. पण मुखपृष्ठावरच्या बाईला कावीळ झाल्यासारखी दिसते आहे, तिच्या शालूचा लाल रंग वांग्याकडे झुकला आहे, याबद्दल कोणी अवाक्षर काढीत नाही. चित्रकाराचे नाव आतल्या पानावर असते, मुद्रकाचेही असते. पण रंगाचा जाब कोणाला विचारायचा, हे आम्हां परीक्षण लिहिणाऱ्यांना अजून ठाऊक नाही.

मी पेशाने ड्रॉइंग मास्तर. मॅट्रिक झाल्यावर चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या एका शाळेत लागलो, तो अजून तिथेच आहे. कादंबऱ्या लिहितो म्हणून संपादक अधूनमधून एखादे पुस्तक परीक्षणासाठी धाडतात. यंदा मात्र पुस्तकाऐवजी एका चित्राचे परीक्षण करण्याची मुभा मी मागून घेतली आहे. हे चित्र आमच्या शाळेच्या व्हरांड्यात टांगलेले आहे. रुंदी सहा फूट, उंची चार फूट, फ्लेक्सवर इंकजेट यंत्राने छापलेले, छायाचित्रकार अज्ञात. विषय, लोणारचे सरोवर, जून २०२०.

लोणार आमच्याच जिल्ह्यातले. आकाशातून आलेल्या पाषाणाच्या आघाताने काळ्या बेसॉल्ट खडकात पडलेला हा सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खळगा. त्याच्या तळाशी खारट आणि क्षारयुक्त पाणी. एरवी ते शेवाळाने हिरवट दिसते. जून २०२० मध्ये, सारा देश टाळेबंदीतून नुकताच बाहेर डोकावत होता, तेव्हा हे पाणी गुलाबी झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दखल घेतली. पाण्याचे नमुने नागपूरच्या ‘नीरी’कडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. आघारकर संस्थेने निदान केले की, ही करणी हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्म जीवांची. फार खारट पाण्यात हे जीव फोफावतात आणि त्यांच्या अंगी गुलाबी रंगद्रव्य असते. उन्हाने पाणी आटले, क्षार वाढले आणि त्यांचे फावले. हे जीव तळाशी बसले की वरचे पाणी नितळ दिसते, असेही तपासणीत आढळले. म्हणजे रंग पाण्याचा नव्हता, पाण्यात मुक्कामाला आलेल्यांचा होता. आणि ते पुढे पांगलेही. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारची गणना रामसर पाणथळांत झाली.

आता चित्राकडे वळू. मांडणीला मी नावे ठेवणार नाही. कड्यावरून घेतलेले छायाचित्र आहे, तळ्याचा गोलवा पुरता आला आहे, काठची झाडी कंकणासारखी दिसते. पण रंग! तळे चक्क राणी रंगाचे आहे. लग्नात करवल्या ज्या रंगाच्या साड्या नेसतात, तो राणी रंग. झाडी पोपटी, आकाश निळीच्या पुडीसारखे. तीन गडद रंग एकमेकांवर खेकसताहेत असे वाटते.

एवढ्यावर मी हसून सोडून दिले असते. परंतु यंदा पाचवीच्या वर्गाला ‘आपला जिल्हा’ हा विषय चित्रासाठी दिला, आणि बहुतेक मुलांनी लोणार काढले. वर्गातल्या साऱ्या रंगपेट्यांतली गुलाबी कांडी त्या तासात झिजली. मी एका मुलाला म्हटले, “अरे, तळे असे नव्हते. मी स्वतः पाहिले आहे.” हा मुलगा २०२० मध्ये चारपाच वर्षांचा असेल. तो माझ्याकडे नीट पाहत म्हणाला, “पण सर, फोटोत तर असंच आहे.”

यावर मला उत्तर सुचले नाही. माझ्या डोळ्यांची साक्ष एकीकडे, फ्लेक्सची साक्ष दुसरीकडे. आणि फ्लेक्स सहा फुटी! शिवाय फोटो खोटे बोलत नाही असे आपणच मुलांना शिकवीत आलो. उद्या ही मुले मोठी होतील, आपल्या मुलांना सांगतील, की आमच्या जिल्ह्यातले तळे एकदा राणी रंगाचे झाले होते. जे घडले ते स्वतःच एवढे अद्भुत होते की त्याला रंग फासायची गरज नव्हती. तोच रंग चुकीचा आठवला जाणार, ही गोष्ट मला झोपेत टोचू लागली.

मी पाहिले ते असे. जूनच्या त्या दिवसांत शेजारचे तात्या आणि मी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास कड्यावर गेलो होतो. आभाळ निरभ्र होते. खाली पाणी फिकट गुलाबी, आणि त्या गुलाबीत किंचित विटकरी झाक. काठाशी रंग मळकट, मध्यावर जरा उजळ. घरी येऊन मी पत्नीला म्हणालो, “अगं, तुझं ते जुनं डाळिंबी पातळ होतं ना, अगदी तसं.” आणि मोबाइलवर एक फोटोही घेतला होता. त्यात तात्या, त्यांची पांढरी टोपी, बाजूला एक मोठा काळा दगड आणि पलीकडे तळे.

म्हटले, हाच फोटो छापून आणावा आणि फ्लेक्सशेजारी लावावा. तीन गावांत तीन ठिकाणी छापला. एका प्रतीत तळे नारिंगी आले, दुसरीत जांभळट, तिसरीत राणीच्या जवळपास. फोटो एक, तळी तीन! तेव्हा जिल्ह्याच्या गावी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो. त्याचे छपाईचे छोटे दुकान आहे. तिन्ही प्रती टेबलावर मांडल्या आणि म्हणालो, “यातली खरी कोणती, सांग.”

तो म्हणाला, “सर, आधी खरं कशाला म्हणायचं ते ठरवा.”

चित्रकलेच्या वर्गात ज्याचे कान धरले, त्याच्याकडून त्या दिवशी मी दोन तास शिकलो. त्याने सांगितले ते थोडक्यात असे. मोबाइलचा पडदा स्वतः उजळतो. लाल, हिरवा आणि निळा अशा तीन उजेडांच्या मिश्रणातून तो रंग दाखवतो. कागद स्वतः उजळत नाही. त्यावरची शाई उजेडाचा काही भाग गिळते आणि उरलेला आपल्या डोळ्यांकडे परतवते. इंकजेटच्या शाया मुख्यतः चार, आकाशी निळ्या वळणाची सियान, राणी वळणाची मॅजेंटा, पिवळी आणि काळी. काही यंत्रांत आणखी चारदोन. डोळ्याला न दिसणाऱ्या सूक्ष्म थेंबांनी या शाया शेजारीशेजारी उडवल्या जातात. पडद्यावरचे कित्येक झगझगीत रंग शाईच्या आवाक्यातच नसतात. मग यंत्रापुढे दोन वाटा. आवाक्याबाहेरचे रंग तेवढे जवळच्या शक्य रंगावर आणून बाकीचे जसेच्या तसे ठेवायचे. किंवा सगळेच रंग थोडेथोडे आत ओढून त्यांची आपसांतली नाती राखायची. पहिल्या वाटेत बारकावे जातात, दुसरीत तेज जाते. काही ना काही सोडावेच लागते. काय सोडायचे, हे माणसाने ठरवायचे असते.

“आणि ठरवलं नाही तर?” मी विचारले.

“तर यंत्र ठरवतं, सर. नाही तर गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाला भडक लागतं. फिकं दिलं तर म्हणतात, शाई वाचवली.”

आमच्या व्हरांड्यातल्या चित्राचे खरे कर्ते कोण, ते मला त्या वाक्यात सापडले. ज्याने फोटो घेतला त्याच्या मोबाइलने रंग आपोआप उठावदार केले, ज्याने पुढे पाठवला त्याने आणखी चढवले, दुकानदाराने गिऱ्हाइकाची आवड ओळखून उरलेसुरले काम केले, आणि आम्ही शाळेच्या मंडळींनी “वा, काय सुरेख आलंय!” म्हणून पैसे मोजले. या पापात मीही वाटेकरी आहे. फ्लेक्स टांगताना शिडी मी धरली होती.

वस्तुतः रंगीत छपाईची अडचण आजची नाही. रवी वर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती वऱ्हाडातल्या देवघरांतही येऊन बसल्या. त्या चित्रांत एकेका रंगाला वेगळा दगड लागे, आणि दगडावरचा कारागीर मूळ चित्र समोर ठेवून कोणता रंग कुठे, हे डोळ्याने वेगळे करी. काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला. पुढे दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केले. दलाल, मुळगावकर यांची मुखपृष्ठे ज्या काळी घरोघर गेली, तो तिरंगी ठशांचा काळ. मूळ चित्राची लाल, हिरव्या आणि निळ्या काचांतून निरनिराळी छायाचित्रे घ्यायची, त्यांवरून जाळीदार ठसे करायचे आणि पिवळी, तांबडी, निळी, काळी शाई एकावर एक चढवायची. प्रत्येक पायरीचे प्रूफ निघे. आधी नुसते पिवळे, मग पिवळ्यावर तांबडे, मग त्यावर निळे. ते मूळ चित्राशेजारी ठेवून ठसा कुठे खोल करायचा, कुठे हलका, ते ठरे.

त्या छपाईत दोष पुष्कळ असत. ठसा केसभर सरकला की ओठांची लाली गालावर येई. आजचे यंत्र त्याहून कितीतरी नेमके आहे, हे मोकळेपणी मान्य केले पाहिजे. परंतु तेव्हा मूळ चित्र आणि छापील प्रत शेजारीशेजारी ठेवून पाहणे, ही पायरी टाळताच येत नसे. आज ती टाळता येते. कळ दाबली की कागद बाहेर येतो, आणि कोणाशी ताडून पाहावे असे मूळ समोर नसतेच. असतो तो पडदा, आणि तो दर मोबाइलगणिक वेगळा.

माझ्या विद्यार्थ्याचे दुकान मला आवडले ते याच कारणाने. सकाळी यंत्र सुरू केले की तो आधी एक तपासणीची पट्टी छापतो. आमच्याकडच्या उन्हाळ्यात शाई तोंडाशी वाळते, एखादे सूक्ष्म छिद्र तुंबते आणि तेवढा रंग कमी पडतो. पट्टीत रेघ तुटलेली दिसली की आधी ते साफ करायचे. प्रत्येक जातीच्या कागदासाठी त्याने शेकडो लहान रंगीत चौकोन छापून, वाळवून, मोजणीच्या उपकरणाखाली धरून एक तक्ता करून ठेवला आहे. अमुक रंग मागितला तर हे यंत्र, ही शाई, हा कागद मिळून प्रत्यक्षात काय देतात, याची त्यात नोंद. याला ते लोक प्रोफाइल म्हणतात. यंत्राची जन्मपत्रिकाच म्हणा ना! १९९३ मध्ये आठ कंपन्यांनी एकत्र येऊन इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम स्थापिले आणि या पत्रिकेचा सर्वांसाठी एकच साचा ठरवण्याचे काम हाती घेतले. कागद बदलला की पत्रिका बदलते. आणि गंमत अशी की, संगणकाने पत्रिका पाहून एकदा दुरुस्ती केली, आणि यंत्राने आपल्या मनाने पुन्हा केली, तर रंग हमखास बिघडतो. दोन ज्योतिषांच्या सल्ल्याने चालणाऱ्या घरासारखीच ही गत.

यातले शब्द नवे असले तरी ज्ञान आपल्या घरात जुनेच आहे. साडीवर ब्लाउजपीस घ्यायला गेलेली बाई दुकानातल्या दिव्याखाली कापड जुळले म्हणून कधी घेत नाही. ती साडी आणि कापड दोन्ही उचलून दुकानाच्या दारात येते आणि दिवसाच्या उजेडात पाहते. दोन रंग एका उजेडात सारखे आणि दुसऱ्या उजेडात निराळे दिसू शकतात, हे रंगशास्त्रातले मोठे प्रकरण आहे. म्हणूनच छापील रंग तपासण्यासाठी जगभर एक ठरावीक प्रमाण उजेड मानला आहे. आमच्या बायकांनी त्यासाठी दुकानाचा उंबरठा मानला, इतकेच. तसेच स्वेटर विणणारी बाई लागेल तेवढी लोकर एकाच वेळी, एकाच लॉटमधली घेते. मागाहून आणलेल्या गुंडीची बाही वेगळी दिसते, हे तिला पक्के ठाऊक असते. माझ्या पहिल्या कादंबरीचे मुखपृष्ठ पहिल्या आवृत्तीत शेंदरी होते, दुसऱ्या आवृत्तीत जांभळट झाले. एका वाचकाने पत्र लिहून विचारले, ही त्याच कथेची पुढची कादंबरी आहे काय? माझा प्रकाशक स्वेटर विणत नसावा.

पण विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न अजून उरलाच होता. खरे कशाला म्हणायचे? या प्रश्नाचे थोर उदाहरण आमच्या जिल्ह्याच्या शेजारीच आहे. बुलढाण्याहून अजिंठा फार दूर नाही. तिथल्या चित्रांच्या नकला करण्यासाठी मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिलची १८४४ मध्ये नेमणूक झाली. वर्षानुवर्षे खपून त्याने केलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. नंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ पर्यंत पुन्हा नकला केल्या; त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. दरम्यान मूळ चित्रे स्वस्थ थोडीच बसली होती? १९२० नंतर निजाम सरकारने आणलेल्या इटालियन तज्ज्ञांनी रंग टिकावेत म्हणून त्यांवर लाखेचा लेप दिला. हेतू चांगला होता. पण लेप पुढे पिवळा, तपकिरी पडत गेला आणि तो उतरवण्याचे किचकट काम पुरातत्त्व खात्याच्या वाट्याला आले. आता अजिंठ्याच्या पद्मपाणीचा अचूक रंग छापायचा, म्हणजे कोणता? चित्रकाराने भिंतीवर लावला तो? गिलला दिसला तो? की लेपाखालचा पिवळसर? पिवळसर छापणारा खोटा ठरत नाही आणि लेप वगळून छापणाराही खोटा ठरत नाही. आपण काय छापले हे जो सांगत नाही, तो मात्र वाचकाला फसवतो.

लोणारला लेप नव्हता, पण क्षण होता. तळे सकाळी वेगळे, संध्याकाळी वेगळे. जूनच्या आरंभी वेगळे, पुढे वेगळे. तेव्हा मी ठरवले की ‘लोणारचा गुलाबी रंग’ छापण्याचा हट्ट सोडायचा. त्या संध्याकाळी, त्या कड्यावरून दिसलेला रंग शक्य तितका जवळ आणायचा.

विद्यार्थ्याने आधी तात्यांच्या टोपीचा आधार घेतला. फोटोत जे पांढरे आहे ते पांढरे धरून बाकीचे रंग सावरायचे, अशी रीत असते. टोपी पांढरी धरली आणि तळे नारिंगी झाले! दोघेही बुचकळ्यात पडलो. मग माझ्या लक्षात आले की, तात्यांच्या टोपीला काकू नीळ घालीत. टोपी मुळातच निळसर पांढरी. तिच्यातला निळा काढायला गेलो तो तळ्यातूनही निळा निघाला. मग उरला तो काळा दगड. दगडाला कोणी नीळ घालीत नाही, आणि मुख्य म्हणजे तो अजून तिथेच आहे.

यंदाच्या जूनमध्ये एका निरभ्र संध्याकाळी साडेपाच वाजता आम्ही दोघे त्याच जागी गेलो. तात्या आता नाहीत. दगडाशेजारी छायाचित्रकार वापरतात तसा राखाडी पुठ्ठा ठेवला. त्याच्यावर पडलेल्या उजेडातला अठरा टक्के तो परत देतो आणि कोणत्याही रंगाकडे झुकत नाही, अशी त्याची ख्याती. पुठ्ठ्याच्या आधारे दगडाचा रंग आकड्यांत मिळाला. तेच आकडे जुन्या फोटोतल्या दगडाला यावेत असा जुना फोटो सावरला. पाच वर्षांत दगडावरची धूळ, शेवाळ बदललेले असणार. उजेडही तंतोतंत तोच म्हणता येत नाही. तरी टोपीपेक्षा दगड बरा. मग झळाळी नसलेल्या कागदावर, टिकाऊ रंगकणांच्या शाईने, बारा बाय अठरा इंचांची प्रत छापली. ओल्या शाईवर निकाल द्यायचा नाही म्हणून रात्रभर वाळू दिली. तीन आठवड्यांनी त्याच कागदावर, त्याच नोंदींवरून दुसरी प्रत काढली. दोन्ही शेजारी ठेवल्या तर कोणती आधीची, हे मला ओळखता आले नाही. हा विद्यार्थी पाचवीत रेघ सरळ काढीत नसे. पण हे काम त्याने चोख केले आहे.

प्रत घेऊन घरी आलो. तळे पेरूच्या आतल्या गुलाबी गरासारखे आले होते, पण त्यात चिमूटभर धूळ मिसळल्यासारखे. मला ते फार फिके वाटले. पत्नीला म्हणालो, “हे कमी पडलं. ते तुझ्या पातळासारखं होतं.” तिने काही न बोलता फडताळातून गोधडी काढली. पातळाचे तुकडे तिच्यात गेले आहेत, हे मी विसरलो होतो. वरचे तुकडे विटले होते. पण एक ठिगळ उसवले होते, त्याच्याखाली उन्हापासून वाचलेला पातळाचा तुकडा निघाला. मी दिव्याखाली प्रत आणि तो तुकडा जवळ धरले. जवळजवळ जुळले. मी खूश झालो.

“अहो, दुकानात जुळलं म्हणून घेतात का?” असे म्हणून तिने दोन्ही उचलले आणि अंगणाच्या दारात नेले. दिवसाच्या उजेडात पातळ लाल निघाले, स्पष्ट लाल. आणि प्रत त्यापुढे मळकट गुलाबी. दोघांत चांगलेच अंतर होते.

आता कोणावर विश्वास ठेवायचा? आठवणीतला रंग बहुधा मूळ रंगाहून गडद होत जातो, असे मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांनी दाखवले आहे. पाच वर्षे मी लोकांना तळ्याची गोष्ट सांगत आलो आणि दर खेपेला बहुधा पातळात बुडवून काढत आलो. फ्लेक्सचा रंग मैलभर चुकला होता. माझाही पावलाभर चुकला होताच. कादंबरीकाराच्या डोळ्यांची साक्ष कितपत धरावी, याचा हा पुरावा घरातल्याच गोधडीत निघाला.

आता परीक्षण पुरे करतो. व्हरांड्यातले सहा फुटी चित्र मांडणीत चांगले, रंगात अविश्वसनीय, आणि त्याखाली तारीख, वेळ, कर्ता यांतले काहीही नाही, हा त्याचा सर्वांत मोठा दोष. फ्लेक्स उतरवावा असे मी सुचवले नाही. शेजारी छोटी प्रत लावली, आणि तिच्याखाली एक चिठ्ठी. फोटो केव्हा आणि कोणत्या प्रहरी घेतला, रंग कशाच्या आधारे सावरला, कोणत्या कागदावर छापला, आणि शेवटी, ‘गुलाबी रंग अंदाजे, थोडा फिका किंवा थोडा गडद असू शकेल.’ व्हरांड्यात दुपारचे ऊन येत नाही, हे पाहूनच जागा निवडली. उन्हात टांगलेली जुनी पोस्टरे निळी पडलेली आपण पाहतोच. त्यांतला तांबडा आणि पिवळा आधी उडून जातो. अचूक रंगालाही सांभाळावे लागते.

मुलांनी दोन्ही चित्रे पाहिली. पुष्कळांना फ्लेक्सच आवडते, हे मी लपवीत नाही. तो पाचवीतला मुलगा मात्र चिठ्ठी दोनदा वाचून माझ्याकडे आला. मी त्याला गोधडीची हकीकत सांगितली.

“म्हणजे सर, तुमचं पण थोडं चुकलंच होतं,” तो म्हणाला.

“चुकलं होतं,” मी म्हणालो.

त्याचे समाधान झाले असावे. त्याने आपले चित्र परत मागून घेतले आणि गुलाबीवर तपकिरी कांडी हलकेच फिरवली. जरा जास्तच फिरली. पण या खेपेस तो मधूनमधून उठून व्हरांड्यात जाऊन छोटी प्रत पाहून येत होता.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती बहुधा रात्री, दिव्यांच्या रोषणाईत पडेल. पाडव्याला सकाळी तो एकदा घराच्या दारात नेऊन मुखपृष्ठ पाहा. बाईचा चेहरा माणसाचा वाटतो का, शालू शालूसारखा आहे का, आणि शेजारच्या घरी आलेल्या अंकावरही तो तसाच आहे का, हे ताडून पाहा. आणि संपादकांना एक कार्ड टाका. कथेबद्दल लिहाल तेव्हा रंगाबद्दलही दोन ओळी असू द्या.